स्टेअरिंग थरथरतंय? आधी ‘कधी’ ते टिपा

सातारा-सांगली भागात थंडी आणि ऊसतोड हातात हात घालून येतात. दिवाळी सरली की पहाटे काचेवर दव धरायला लागतं, कारखान्याच्या वाटेला ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते, आणि टायरच्या दुकानात हे वाक्य ऐकू यायला लागतं: “दादा, गाडी नव्वदला स्टेअरिंग हलवतीय, बघा जरा.” त्यावर सरसकट उपाय ठरलेला असतो, अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) आणि बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं) दोन्ही करून टाकायचं. पैसे भरून गाडी बाहेर पडते, शेंद्रे फाटा ओलांडून रस्ता मोकळा मिळतो आणि थरथर पुन्हा हजर.

चाक थरथरण्याची कारणं डझनभर आहेत, पण प्रत्येकाची वेळ वेगळी. कुठल्या वेगाला, ब्रेक दाबल्यावर की अॅक्सिलरेटर दिल्यावर, सकाळी पहिल्या पाच किलोमीटरला की दिवसभर, हातात की सीटखाली, एवढं नीट टिपलं तर निम्मं निदान गाडीला जॅक लावायच्या आधीच होतं. मिस्त्रीला नुसतं “गाडी व्हॉबल मारते” म्हणण्याऐवजी “पंच्याऐंशीला सुरू होते, शंभरला कमी होते, ब्रेकचा संबंध नाही, हातात जाणवते, सीटला नाही” असं सांगितलं, तर चांगला मिस्त्री थेट पुढच्या दोन चाकांकडेच जाईल.

आणि एक गैरसमज सुरुवातीलाच काढून टाकू. अलाइनमेंट बिघडली की गाडी एका बाजूला ओढते, टायर आतून किंवा बाहेरून खातो, सरळ रस्त्यावर स्टेअरिंग तिरकं राहतं. नुसत्या बिघडलेल्या अलाइनमेंटने स्टेअरिंग थरथरत नाही. म्हणून थरथरीची तक्रार घेऊन गेल्यावर अलाइनमेंटपासून सुरुवात करू देऊ नका.

रिमच्या आतली काळी माती

या दिवसांत आपल्याकडे सगळ्यात आधी तपासायची जागा म्हणजे रिमची आतली बाजू. बाहेरून चाक चकचकीत दिसतं, पण गाडीमागून वाकून टॉर्चने बघा. रिमच्या आतल्या पन्हळीत काळ्या मातीचा पोपडा बसलेला असतो, त्यात उसाच्या पाचटाचे तुकडे अडकलेले असतात आणि वाळल्यावर त्याला भेगा पडलेल्या असतात. कृष्णाकाठची काळी माती ओली असताना चिकट, वाळली की विटेसारखी. पाणी दिलेल्या रानातल्या वाटेवरून गाडी एकदा गेली किंवा ट्रॉल्यांनी डांबरावर आणून टाकलेल्या चिखलातून गेली, तरी ही माती रिममध्ये जाऊन बसते.

गंमत अशी की गाडी चिखलात असताना काहीच जाणवत नाही. माती सगळीकडून सारखी बसली असेल तर वजनही सगळीकडे सारखंच वाढतं. बिघाड होतो तो नंतर. गाडी रात्री उभी राहते, ओला चिखल ओघळून चाकाच्या खालच्या भागात गोळा होतो आणि सकाळपर्यंत तिथंच वाळतो. किंवा वाळलेल्या थरातला हाताएवढा एक पोपडा गळून पडतो आणि समोरचा तसाच राहतो. म्हणून शेतावर शनिवारी गेलेली गाडी सोमवारी महामार्गावर थरथरते आणि दोन्हींचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही. बर्फाच्या देशांत नेमकं हेच बर्फामुळे होतं. रिममध्ये बर्फ भरतो, रात्री गोठतो, सकाळी गाडी हलायला लागते. आपल्याकडे बर्फाचं काम माती करते, एवढाच फरक.

थोड्याशा मातीने एवढं काय होणार, असं वाटतं. आकडा मांडून बघू. १८५/६५ आर १५ मापाच्या टायरचा घेर साधारण १.९५ मीटर. ताशी ९० किलोमीटरला हे चाक सेकंदाला जवळपास १३ फेऱ्या मारतं. रिमच्या आत एका जागी ५० ग्रॅम माती जास्त असेल, तर या वेगाला ती चाकाला बाहेरच्या दिशेला सुमारे ६ किलो वजनाइतक्या जोराने ओढते, आणि हा ओढा प्रत्येक फेरीत एकदा वर, एकदा खाली, एकदा पुढे, एकदा मागे फिरतो. वेग निम्मा, म्हणजे ४५ केला की जोर निम्मा होत नाही, चौथाई होतो, दीड किलोवर येतो. म्हणून गावात गाडी शहाण्यासारखी चालते आणि महामार्गावर रंग दाखवते.

पण मग शंभरच्या पुढे थरथर कधीकधी कमी का होते? डोक्यावर भरलेली घागर घेऊन एका ठरावीक चालीने चाललं की पाणी हिंदकळून बाहेर येतं, चाल थोडी कमी किंवा जास्त केली की शांत होतं. चाक, स्प्रिंग, स्टेअरिंगचे दांडे या सगळ्यांची मिळून अशीच एक आपली लय असते. चाकाच्या फेऱ्या त्या लयीला जुळल्या की हादरा अनेक पटींनी वाढतो. बहुतेक कारमध्ये हे ८० ते ११० च्या दरम्यान घडतं. त्यामुळे ‘एका विशिष्ट वेगपट्ट्यातच येते आणि पुढे कमी होते’ ही बॅलन्सिंग बिघडल्याची जवळजवळ सहीच समजा.

माती काढायची तर घाई नको. पाणी मारून अर्धा तास भिजू द्या, मग लांब दांड्याच्या ब्रशने किंवा लाकडी काडीने आतून सोडवा. स्क्रू-ड्रायव्हरने खरवडू नका, बॅलन्सिंगसाठी लावलेली वजनं निघून येतील आणि नवीच थरथर सुरू होईल. ब्रेकच्या कॅलिपरमागची (डिस्कला पकडणाऱ्या चिमट्यामागची) जागा हाताला लागत नाही, म्हणून गाडी चाकाच्या अर्ध्या फेरीएवढी पुढे घेऊन पुन्हा धुवा. प्रेशरचं पाणी हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाच्या) मधोमध आणि अॅक्सलच्या (चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या) रबरी बुटांवर जवळून मारू नका, बेअरिंगच्या सीलमधून पाणी आत जातं. धुताना एक गोष्ट आवर्जून बघा. रिमच्या आत कुठे चौकोनी, स्वच्छ, थोडा चिकट डाग दिसतो का? तिथलं चिकटवलेलं वजन पडून गेलंय. असा डाग दिसला की धुण्याने भागणार नाही, बॅलन्सिंग करावंच लागेल.

सकाळची थरथर, दुपारी गायब

हिवाळ्यातला दुसरा प्रकार वेगळा. पहाटे गाडी काढली की ३०-४० ला चाकातून धप-धप असा ठेका येतो, दहा-पंधरा किलोमीटरवर तो विरून जातो आणि दुपारी शोधूनही सापडत नाही. रात्रभर गाडीचं वजन टायरच्या एकाच भागावर असतं. टायरच्या पट्ट्याखाली नायलॉनचा थर असतो, तो थंडीत कडक होतो आणि टेकलेला भाग सपाटच राहतो. टायर गरम झाला की पुन्हा गोल होतो. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटर उंचीवर आहे, वेण्णा तलावाच्या परिसरात कडाक्याच्या थंडीत दव गोठतं. तिथं रात्री उघड्यावर उभ्या केलेल्या गाडीला हे हमखास जाणवतं. यात दुरुस्ती करण्यासारखं काही नसतं. फक्त गाडी महिना-दोन महिने एकाच जागी उभी राहिली असेल, तर सपाटपणा कायमचा होऊ शकतो. चाळीस-पन्नास किलोमीटर चालवूनही ठेका गेला नाही तर टायरच बदलावा लागतो.

हवा कमी असली की हा त्रास वाढतो आणि थंडीत हवा आपोआप कमी होते. साधा हिशोब आहे. तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की टायरमधली हवा साधारण १ पीएसआयने (हवेचा दाब मोजायचं एकक) उतरते. कराडहून दुपारी उन्हातून येऊन, टायर ४५ अंशांपर्यंत तापलेला असताना तुम्ही ३३ भरून घेतली, तर दुसऱ्या दिवशी पहाटे १२ अंशांना काटा २८ च्या आसपास दाखवेल. टायर पंक्चर नसतो, हवेचा आकडाच चुकीच्या वेळी घेतलेला असतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लावलेल्या स्टिकरवरचा आकडा हा थंड टायरचा असतो. त्यामुळे हवा सकाळीच, दोन-तीन किलोमीटरच्या आत भरावी. नायट्रोजन भरला म्हणजे हे टळतं, असं सांगतात. थंडीत नायट्रोजनही साध्या हवेइतकाच आकसतो.

रस्त्यावरची चाचणी

रिम धुतल्या, हवा बरोबर केली, तरी थरथर आहे. मग मोकळ्या, सरळ आणि सपाट रस्त्यावर गाडी घ्या. घाट नको, पहाटेचं धुकं नको. शेजारी कुणाला तरी बसवा आणि त्यांना लिहून घ्यायला सांगा. ४०, ६०, ८०, ९०, १०० अशा प्रत्येक वेगाला थोडा वेळ गाडी स्थिर ठेवा. १०० च्या वर जायची गरज नाही, चौपदरी महामार्गावर कारची मर्यादाही तेवढीच आहे.

हादरा हातात, म्हणजे स्टेअरिंगमध्ये असेल तर संशय पुढच्या चाकांवर. स्टेअरिंग शांत पण सीट, पाठ आणि पायाखालचा पत्रा हलत असेल तर मागच्यांवर. मग इंजिन वेगळं काढा. ८० ला चौथ्या आणि पाचव्या गिअरमध्ये आळीपाळीने चालवून बघा. वेग तोच आहे, फक्त इंजिनच्या फेऱ्या बदलल्या. थरथरही बदलली, तर दोष चाकात नाही, इंजिनमध्ये किंवा त्याच्या माउंटिंगमध्ये (इंजिन ज्यावर बसवलेलं असतं त्या रबरी आधारात) आहे. गाडी जागेवर उभी असताना, सिग्नलला सुद्धा हादरत असेल तर चाकांचा विषयच संपला. ते माउंटिंगचं रबर किंवा इंजिनच्या मिसिंगचं (एखादा सिलिंडर नीट न पेटण्याचं) काम आहे.

अॅक्सिलरेटर दिला की, विशेषतः चढाला, पुढून घुसळल्यासारखा हादरा येतो आणि पाय काढताच थांबतो, तर अॅक्सलच्या आतल्या बाजूचा जॉइंट झिजलेला असतो. स्टेअरिंग पूर्ण फिरवून वळताना कट-कट आवाज येणं हे बाहेरच्या जॉइंटचं लक्षण. दोन्हीकडे रबरी बूट फाटलाय का बघा. फाटला असेल तर रिमच्या आत ग्रीसचे शिंतोडे उडालेले सापडतात.

वेग वाढेल तसा घुंघुं आवाज वाढतो आणि वळणावर बदलतो, हे बेअरिंग. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकांवर जातो, म्हणून तेव्हा आवाज वाढला तर उजव्या बाजूचं बेअरिंग बघायला सांगा. काँक्रीटच्या रस्त्यावर टायरचाही असाच आवाज येतो, तेव्हा डांबरी रस्त्यावर खात्री करूनच निर्णय घ्या.

ब्रेक दाबल्यावरच स्टेअरिंग थरथरत असेल, तर तो वेगळाच मामला आहे. बॅलन्सिंगवर एक रुपयाही घालवू नका. पसरणी किंवा केळघर घाट उतरताना गाडी वरच्या गिअरमध्ये ठेवून सतत ब्रेकवर पाय ठेवला की ब्रेकच्या डिस्क (चाकामागच्या तबकड्या) प्रचंड तापतात. तशाच तापलेल्या अवस्थेत खाली येऊन पेडल दाबून धरून उभं राहिलं की पॅडचा (डिस्कला घासून गाडी थांबवणाऱ्या पट्टीचा) माल डिस्कवर त्याच जागी चिकटतो. डिस्क ‘वाकली’ असं आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा ती वाकलेली नसते, तिची जाडी एकसारखी राहिलेली नसते. दोन-तीन शतांश मिलिमीटरचा फरकही पेडलमध्ये आणि हातात जाणवतो. लेथवर डिस्क घासून घेता येते, पण डिस्कच्या कडेवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. घासल्यावर त्याच्या खाली जाणार असेल तर नवीन डिस्क, आणि तीही दोन्ही बाजूंना. घाट उतरताना दुसरा-तिसरा गिअर, ब्रेक थोडा वेळ जोराने आणि मग पूर्ण सोडून, हाच यावरचा उपाय. उतरल्यावर गरम चाकांवर गार पाणी तर मुळीच मारू नये. एकदम करकचून ब्रेक मारल्यावर पेडल पायाखाली धडधडतं ते मात्र एबीएसचं (चाक लॉक होऊ न देणाऱ्या ब्रेकच्या यंत्रणेचं) काम आहे, त्यात दोष नाही.

जॅकवर चढवून

जागा सपाट आणि टणक हवी. उरलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळा लावा, वीट नको, ती दबून फुटते. पुढचं चाक उचलताना हँडब्रेक ओढून गिअर न्यूट्रल ठेवा. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं मागचं चाक उचलताना उलटं करा, पहिला गिअर टाका आणि हँडब्रेक सोडा, नाहीतर चाक फिरणारच नाही. गाडी नुसत्या जॅकवर असताना तिच्याखाली जायचं नाही.

चाक वर-खाली, म्हणजे घड्याळाच्या १२ आणि ६ वर धरून हलवा. खेळ लागला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट (चाकाला खालच्या दांड्याशी जोडणारा सांधा). ३ आणि ९ वर धरून खेळ लागला तर टाय रॉडचं (स्टेअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याचं) टोक. मग रिमच्या कडेजवळ एक पेन्सिल दगडावर टेकवून स्थिर धरा आणि चाक हळू फिरवा. पेन्सिल आणि रिममधली फट एक-दीड मिलिमीटरपेक्षा जास्त कमी-जास्त झाली तर रिम वाकली. महामार्ग रुंदीकरणाच्या वळणरस्त्यांवरचे खड्डे आणि गावोगावचे रंग नसलेले स्पीडब्रेकर यांची ही भेट. लोखंडी रिम बऱ्याचदा सरळ करून मिळते. अलॉयला तडा असेल तर वेल्डिंगच्या भानगडीत पडू नका, ती बदला.

त्याच वेळी टायरच्या भिंतीवर फुगा आलाय का, आणि वरचा पट्टा फिरताना सापासारखा वळवळतोय का तेही बघा. २०-३० च्या वेगालाच स्टेअरिंग डावी-उजवीकडे डुलत असेल आणि रोज थोडं वाढत असेल, तर टायरच्या आतला तारांचा पट्टा सुटतोय. असा टायर कधीही फुटतो. पॅच नाही, बॅलन्सिंग नाही, त्याच जागी स्टेपनी लावायची. टायरच्या भिंतीवरचे चार आकडे वय सांगतात, ४२१८ म्हणजे २०१८ चा बेचाळिसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी असा जुना टायर हिवाळ्याच्या सकाळी दगडासारखा चालतो.

कुठलं चाक ते कळतच नसेल तर एक हुकमी युक्ती आहे. पुढची दोन चाकं मागे आणि मागची पुढे लावा, बाजू तीच ठेवा. थरथर हातातून सीटखाली गेली, तर दोष चाक-टायरमध्ये आहे. हातातच राहिली, तर चाक सोडा आणि हब, डिस्क, अॅक्सल, लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश यांच्याकडे वळा.

बॅलन्सिंग करून घेताना

मशिन चांगलं असूनही काम बिघडतं, ते तयारीत. चाक मशिनवर चढवण्याआधी धुतलेलं हवं, नक्षीतले खडे काढलेले हवेत, जुनी वजनं सगळी उतरवलेली हवीत. चाक मधल्या भोकातून योग्य शंकूवर घट्ट बसलं पाहिजे. शंकू तिरका बसला तर मशिन खोट्या जागी वजन सांगतं. वजनं ५ ग्रॅमच्या टप्प्याने असतात, लोखंडी रिमला ठोकून आणि अलॉयला चिकटवून. चिकटवण्याआधी जागा पुसून कोरडी केली नाही तर आठवड्यात पडतात. वजनं लावल्यावर चाक पुन्हा फिरवून दोन्ही बाजूंना शून्य आलेलं स्वतः बघा. एकाच जागी ८०-१०० ग्रॅम मागत असेल तर वजनांची माळ लावून घेऊ नका. टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून बसवायला सांगा, बऱ्याचदा मागणी निम्म्यावर येते. तरीही कमी झाली नाही तर रिम किंवा टायर सदोष आहे.

बाहेरून घेतलेल्या अलॉयचा एक खास त्रास आहे. कंपनीच्या रिमचं मधलं भोक हबवर तंतोतंत बसतं. बाजारातल्या अलॉय अनेक गाड्यांना चालाव्यात म्हणून त्यांचं भोक मोठं ठेवतात, ६७.१ किंवा ७३.१ मिलिमीटर. अनेक छोट्या गाड्यांचा हब ५४.१ चा असतो. मग चाक हबवर नाही, नुसत्या नटांवर लटकतं आणि केसभर एका बाजूला बसतं. मशिनवर शून्य, रस्त्यावर थरथर. त्या फटीत बसणारी प्लास्टिकची किंवा अॅल्युमिनियमची रिंग मिळते, तेवढ्याने काम होतं.

शेवटी नट. हबच्या तोंडावरची गंज-माती तारेच्या ब्रशने काढल्याशिवाय चाक लावू नका, कारण तिथं अडकलेला एक खडा चाक तिरकं बसवायला पुरतो. नट समोरासमोरच्या क्रमाने आवळायचे, आधी सगळे हाताने, मग पान्याने, आणि शेवटचा ताण गाडी खाली उतरवून. छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते १२० न्यूटन-मीटर लागतात, तुमच्या गाडीचा आकडा तिच्या पुस्तकात आहे. हवेच्या गनने करकचून मारलेले नट डिस्कला असमान दाबतात आणि रस्त्यात पंक्चर झालं तर निघतही नाहीत. चाक काढून लावल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर टॉर्क पान्याने (ठरावीक ताणाला नट आवळणाऱ्या पान्याने) पुन्हा एकदा तपासा. आणि चाक बदलल्यावर काही किलोमीटरांतच नवीन थरथर सुरू झाली, वेग कमी करूनही ती वाढतच गेली, तर पुढच्या गावापर्यंत जायचा विचार करू नका. इंडिकेटर लावून गाडी कडेला घ्या, नट हाताने हलतायत का ते बघा.